धवलारणीचा घसा

वैशाखरे गावाच्या आसपास लग्न ठरलं की पहिला सांगावा गोजरकडे जायचा, भटजीकडे नंतर. भटजी काय, मुरबाडहून कुणीही मिळायचा. धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले म्हणणारी बाई, मात्र गोजरच हवी असायची. मांडवाला हळद लावताना, नवऱ्याला तेल लावताना, नवरीला न्हाऊ घालताना, वरात निघताना, प्रत्येक वेळेचं धवलगीत वेगळं. कुठल्या देवाला आधी बोलवायचं, कुळातल्या गेलेल्या माणसांची नावं कुठल्या ओळीत घ्यायची, हे सगळं तिच्या तोंडात होतं. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. लहानपणी मावशीबरोबर, हिराबाईबरोबर, उखळात भात कांडता कांडता ती हे शिकली होती.

धवला एकटीने म्हणत नाहीत. गोजर ओळ घ्यायची आणि तिच्याच आळीतली धोंडीबाई ती ओळ उचलून परत म्हणायची. दोघींची जोडी वीसएक वर्षांची. गोजर उंच, हाडाने मोठी, कपाळावर गोंदण. धोंडीबाई बुटकी आणि हसरी. गोजरचा आवाज भरदार होता, थोडा पुरुषी म्हणावा असा. मांडवात ती बसली की बाया आपोआप सरकून जागा करायच्या.

दोन विधींच्या मधे ती मांडवामागे बसून विडी ओढायची. तिच्या पिढीतल्या गावच्या दोघी-चौघी ओढत, ती त्यातली एक. पहिल्या बाळंतपणानंतर दाढ ठणकत होती म्हणून सासूने चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवून दिली होती. दाढ पडून गेली, विडी राहिली. नवरा चंदरही ओढायचा. घरात विडीच्या कट्ट्यावरून भांडण व्हायचं ते शेवटची कुणी घेतली एवढ्यावरूनच.

पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला लग्नांत बेंजो पार्ट्या आल्या आणि झाडाला बांधलेले कर्णे. पूर्वी धवला चालू असला की मांडव गप्प असायचा. आता एका अंगाला पोरांची गाणी आणि दुसऱ्या अंगाला गोजर. जरा बंद करा रे, असं ती कधी म्हणाली नाही. तिने आपलाच आवाज चढवला. मांडवाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीपर्यंत ओळ पोचली नाही तर तो धवला कसला, असं तिचं म्हणणं. लगीनसराईच्या शेवटाला तिचा घसा बसलेला असायचा. मग ज्येष्ठमध चघळायचं, अडुळशाचा काढा घ्यायचा. भाताच्या आवणीला बाया शेतात उतरेपर्यंत आवाज जागेवर यायचा. पुढच्या वर्षी तो जरा उशिरा आला. त्याच्या पुढच्या वर्षी गणपती आले तरी घसा खरखरत होता. दोन हजार साली भात कापून झालं, दिवाळी झाली, पण आवाज आलाच नाही.

"कुनाची तरी नजर लागली तुला," चंदर म्हणाला. त्याने डोंगरापलीकडच्या भगताकडून अंगारा आणला. गोजरने तो पाण्यातून घेतला. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर तिने त्याची दखल घेतली असती. नुसता घसा खाकरावासा वाटायचा आणि खाकरूनही काही सुटायचं नाही.

माघात सापगावला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. घरचंच कार्य, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. पहिल्या संध्याकाळी तिने ओढूनताणून निभावून नेलं. सकाळी मांडवात देवांना आणि कुळातल्या गेलेल्या माणसांना बोलवायचा धवला होता. हा मधे तोडत नाहीत. देवांची नावं झाली. मग नणंदेच्या सासऱ्याचं नाव आलं, आणि तिथे गोजरच्या तोंडातून नुसती हवा निघाली. तिने पुन्हा श्वास घेतला. पुन्हा हवाच. धोंडीबाई तिच्या तोंडाकडे बघत ओळीची वाट पाहत राहिली. सगळा मांडव बघत होता. शेवटी कुणीतरी पोरांना खूण केली आणि कर्ण्यावर कॅसेट सुरू झाली.

"अर्ध्यातनं सुटला," मागून एक म्हातारी म्हणाली. "बरा नाय हा."

 जेवायला वाढताना नणंदेने गोजरच्या पानाकडे पाहिलं नाही.

चैत्रातल्या लग्नांचे सांगावे धोंडीबाईकडे गेले. गोजरला ते चंदरकडून कळलं. दुपारी धोंडीबाईच्या ओट्यावर जाऊन बसायची तिची सवय होती, ती तिने सोडली. धोंडीबाईने एकदा पोरीच्या हातून ताक पाठवलं. गोजरने ताक ठेवून घेतलं आणि भांडं रिकामंच परत पाठवलं.

सून रेश्मा घरात येऊन दोन वर्षं झाली होती. वाशिंदजवळची पोर, बारावी झालेली. मुलगा ज्ञानेश्वर तिकडेच एका कारखान्यात कामाला होता, आठवड्याने घरी यायचा. सासू जिना चढून आल्यासारखी बोलते, वाक्याच्या मधेच श्वास घेते, हे सगळ्यांत आधी रेश्माच्या लक्षात आलं. ती सासूला मुरबाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, आवाज बसून किती दिवस झाले?

"साल झाला असंल," गोजर म्हणाली.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. औषध देऊन उपयोग नाही, कल्याणला घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि याच आठवड्यात दाखवा, असं त्यांनी रेश्माकडे बघून सांगितलं.

ज्ञानेश्वरने रजा काढली. कल्याणच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी गोजरची जीभ कापडाने धरली आणि दिव्याची बारीक नळी घशात घातली. शेजारच्या टीव्हीवर चित्र आलं. ओकारी दाबत, डोळ्यांतून पाणी गळत असताना गोजरने स्वतःचा घसा पाहिला. दोन पट्ट्या, नखाएवढ्या लांब. उघडत होत्या, मिटत होत्या. इतकी वर्षं अख्खे मांडव ज्यांच्यावर तोलले त्या एवढ्याशा, हे तिला पटेना.

"या पट्ट्या गुळगुळीत हव्यात," बाई म्हणाल्या. "तुमच्या दोन्हींवर पांढरा जाड थर चढलाय. हात दाखवा बघू."

गोजरने तळहात पुढे केला. बोटांच्या मुळाशी मुसळाने आणि कोयत्याने पडलेले घट्टे होते.

"हे कशाने झालं?"

"काम करून."

"चामडी पातळ राहिली असती तर रोज फाटली असती. म्हणून ती जाड झाली. अंगाला त्रास झाला की अंग स्वतःला बदलून घेतं. तुमच्या घशाने तेच केलं. रोज धूर, रोज ओरडून गाणं. आतली नाजूक कातडी जाड झाली. हाताला जाडपण चालतं. या पट्ट्या थरथरल्या तरच आवाज निघतो, आणि जाड झाल्या की त्या थरथरत नाहीत."

"मग ती जाडी जात नाय?"

"जाते. त्रास थांबला की अंग पुष्कळदा माघारी फिरतं. पण त्रास फार वर्षं चालला की कातडीतल्या पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून कातडी बनते ते बारीक कण, आपलं वळण विसरतात. वेडेवाकडे वाढायला लागतात. डावीकडची पट्टी मला तशी दिसतेय."

"म्हणजे कॅन्सर?" ज्ञानेश्वरने विचारलं.

"तसं मी म्हटलं नाही. वरचा थर सोलून काढू आणि तपासायला पाठवू. मग बोलू."

गोजरच्या मनात त्या सगळ्यातलं एकच बसलं, की हे अंगानेच केलं आहे. कुणाची नजर नाही, करणी नाही. चंदरला ते सांगितल्यावर तो म्हणाला, "तुझा अंग तुलाच कशाला बाधंल?"

थर काढला. तपासणीत उजवीकडे नुसती जाडी निघाली. डावीकडच्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. कॅन्सर झालेला नव्हता, पण वाट तिकडेच जात होती. बाईंनी सांगितलं, विडी आजपासून बंद. चुलीपाशी बसायचं नाही. आणि पंधरा-वीस दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने घशाला जास्त ताण बसतो.

गोजर गप्प झाली. म्हशीला हाकायला टाळ्या वाजवायची, सुनेला बोलवायला ताटलीवर चमचा वाजवायची. बोलणं नसल्याचं तिला फार वाटलं नाही. विडीने मात्र तिचा जीव घेतला. सकाळी उठल्यापासून हात काहीतरी शोधत असायचे. चंदर आपली विडी बांधावर जाऊन ओढायचा, पण येताना अंगाला वास घेऊन यायचा, आणि तो आत आला की ती उठून बाहेर जायची.

त्याच दिवसांत धोंडीबाई आली. गोजर ओट्यावर तांदूळ निवडत होती. धोंडीबाई दारात उभीच राहिली.

"गोजर, पावसाच्या आत एक लगीन हाय. नवरीला न्हाऊ घालायचा धवला मला सुरू करता येत नाय गो. सुरुवात नेमी तुझी असायची. तू जरा सांग."

गोजरने मान वर केली नाही. ती सुपातले खडे वेचत राहिली. धोंडीबाई थांबली, पदराने मान पुसली, पुन्हा थांबली.

"नको बोलू," ती शेवटी म्हणाली. "पन दारात आलेल्या मानसाला बस तरी म्हन."

ती वळल्यावर रेश्मा आतून धावत गेली. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, हे तिने रस्त्यातच सांगितलं. धोंडीबाईने वळून ओट्याकडे पाहिलं आणि समजल्यासारखी मान हलवली. गोजरला ते दिसलं आणि तिला आणखीच वाईट वाटलं. बोलता येत नव्हतं हे खरं होतं. पण हाताने पाट पुढे सरकवता आला असता. आणि बोलता आलं असतं तरी आज ती बोलली नसती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

एकदा चंदर विडीचा कट्टा कोनाड्यात विसरून शेतावर गेला. गोजरने गोठ्यामागे जाऊन एक पेटवली. चार झुरके झाले असतील, तेवढ्यात रेश्मा शेणाची पाटी घेऊन आली. रेश्माने पाटी खाली ठेवली आणि सासूच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. तिला तेव्हा पाचवा महिना होता.

"ओढा तुमी," ती म्हणाली. "मी हितंच बसते."

गोजरने विडी चिखलात खुपसली. त्यानंतर रेश्मासमोर तिने कधी ओढली नाही. पण त्या पावसाळ्यात आणखी पाच-सहा वेळा ओढली, आणि ते तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

भाद्रपदात भात पोटरीला आलं तेव्हा ते पुन्हा कल्याणला गेले. आवाज पुष्कळ मोकळा झाला होता, ज्ञानेश्वर वाटेत तसं दोनदा म्हणाला. टीव्हीवर उजवी पट्टी स्वच्छ दिसली. डावीवर पुन्हा पांढरं होतं.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग नळी काढून त्यांनी सांगितलं, "उजवी माघारी फिरली. डावी नाही."

"मी मधे विडी ओढली," गोजर म्हणाली. ज्ञानेश्वर तिच्याकडे बघतच राहिला. "चार-पाच येळा. त्यानं झाला का?"

"त्यानेच झालं असं मी सांगू शकत नाही. त्याने नाही झालं असंही सांगू शकत नाही."

हे उत्तर गोजरला पुढे कितीतरी वर्षं सलत राहिलं. बाईंनी रागावून हो म्हटलं असतं तर तिला ते सोसलं असतं.

पुढे दोन वाटा होत्या. एक, दर दोन महिन्यांनी येऊन तपासायचं, पांढरं आलं की पुन्हा सोलायचं आणि नजर ठेवायची. दुसरी, डावीकडचा बिघडलेला भाग आताच खोलपर्यंत काढून टाकायचा. त्यात धोका बराच कमी होणार होता, पण गाण्याचा आवाज जाणार होता. बोलता आलं असतं, घोगरं.

"एक लगीनसराई मिळंल का?" गोजरने विचारलं.

"थांबलात तर धोका वाढतो. किती वाढतो ते मला आज सांगता येत नाही. तुम्हाला घाबरवायचं नाही मला, पण थांबा असं मी म्हणणार नाही."

घरी यावरून खूप बोलणं झालं. ज्ञानेश्वरचं म्हणणं, विचार कसला करायचा, काढून टाकायचं. चंदर म्हणाला, "आवाज गेला तर हिचा राहिला काय?" रेश्मा भाकऱ्या थापत होती, तिने वर पाहिलं. "बाबा, मानूस राहील," ती म्हणाली. चंदर उठून बाहेर गेला. गोजरला दोघांचाही राग आला नाही. चंदर जे बोलला ते तिच्याच मनात होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

दिवाळीनंतरची तारीख मिळाली. त्याच्या आधी, भात झोडायच्या दिवसांत, गोजर एका सकाळी धोंडीबाईच्या खळ्यावर गेली. धोंडीबाई पेंढा रचत होती. गोजरने तिच्या हातातला पेंढा घेतला आणि खाली बसली.

"बस," ती म्हणाली. "मी म्हनते, तू आयक. मग तू म्हन, मी उचलीन."

"डॉक्टरनी तुला मना केलाय ना?"

"हळूच म्हनते."

आठ-दहा दिवस दोघी दुपारपर्यंत खळ्यावर बसल्या. गोजर अगदी खालच्या पट्टीत, श्वास सांभाळत म्हणायची. आवाज निघत होता, खरखरीत पण सुरात. रेश्मा कुंपणापलीकडून ऐकायची आणि काही न बोलता परत जायची. धोंडीबाईला मधल्या ओळी, शेवटाच्या ओळी सगळ्या येत होत्या. सुरुवात आली की ती अडखळायची. वळण चुकायची, देवांचा क्रम मागेपुढे करायची. गोजरचा जीव वरखाली व्हायचा.

"वीस वर्सं माझ्या मागं बसलीस, आयकलास काय तू?"

"तुझा आवाज कवा थांबतो तेवढाच आयकायची," धोंडीबाई म्हणाली. "तू थांबलीस की माझी ओळ. सुरुवातीला माझा काय काम होता?"

गोजरने तीच ओळ पुन्हा घेतली, आणखी हळू. शेवटच्या दिवशी धोंडीबाईने सापगावला सुटलेला धवला पुरा म्हटला. गोजरने प्रत्येक ओळ उचलली. नणंदेच्या सासऱ्याचं नाव दोघींनी मुद्दाम घेतलं. संपल्यावर धोंडीबाई डोळे पुसत बसली. गोजरला रडू आलं नाही. तिचा घसा दुखत होता आणि कल्याणला गेल्यावर हे डॉक्टरीणबाईंना सांगायचं की नाही, याचा ती विचार करत होती.

ऑपरेशन झालं. काढलेल्या भागात कॅन्सर निघाला नाही, मात्र पेशी आधीपेक्षा जास्त बिघडलेल्या होत्या. वेळेवर आलात, एवढंच बाई म्हणाल्या. घशातली जखम भरल्यावर, म्हणजे दोनेक महिन्यांनी, गोजरचा नवा आवाज कळला. तो फाटक्या पिशवीतून हवा जावी तसा होता. फोनवर ज्ञानेश्वरला तो आधी ओळखूच आला नाही.

तपासण्या चालू राहिल्या, आधी दोन महिन्यांनी, मग चार, मग सहा. पांढरं परत आलं नाही. विडीही तिने परत ओढली नाही, पण चंदरने सोडली नाही, आणि त्याचा वास अजूनही तिला घराबाहेर काढायचा. रेश्माच्या मुलीला ती मांडीवर घेऊन थोपटायची. अंगाई म्हणायला गेली की मुलगी तोंडाकडे बघत राहायची, म्हणून ती नुसतीच थोपटायची. दर तपासणीच्या आधीच्या आठवड्यात तिला जेवण जायचं नाही. डावी पट्टी गेली, पण बाकी अंगात आणखी कुठे काय जाड होत असेल, कुणाला माहीत, असं तिला वाटत राहायचं. चुलीजवळ खोकला आला तरी ती घाबरून उठायची. हे तिने एकदाच बोलून दाखवलं, रेश्माला. रेश्माने पुढच्या महिन्यात हट्टाने गॅसची शेगडी आणवली.

धवल्याला आता धोंडीबाई जात होती, ओळ उचलायला तिची धाकटी जाऊ असायची. गोजरलाही बोलावणं असायचं, मानाचं. ती मागे बसायची. दोन हजार चार सालच्या वैशाखात गावातच एक लग्न होतं. कर्णे जाऊन आता माणसाच्या उंचीचे स्पीकर आले होते. धोंडीबाई म्हणत होती आणि तिचा आवाज चार हातांवर विरत होता. गोजरच्या शेजारच्या बाईने तिला काहीतरी विचारलं. गोजरने उत्तर दिलं. बाईला ऐकू आलं नाही, तिने कान पुढे केला. गोजरने पुन्हा सांगितलं. मग राहू दे, अशी हाताने खूण करून ती उठली आणि मांडवाबाहेर आंब्याखाली जाऊन बसली.

विधी संपल्यावर धोंडीबाई तिला शोधत आली. घामाने भिजली होती. शेजारी बसून ती तांब्यातलं पाणी प्यायली.

"कुठं चुकले गो आज?" तिने विचारलं.

गोजर तिच्या कानाशी वाकली. तिने दोन ठिकाणं सांगितली. तिसरंही होतं, ते तिने सांगितलं नाही.

"मला वाटलाच," धोंडीबाई म्हणाली. आतून कुणीतरी हाक मारली, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मांडवात गेली.